दादाची पट्टी

माझ्या वर्गात ‘चूक’ म्हणायला बंदी आहे. आधी ‘का?’ विचारायचं, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, मग काय ते ठरवायचं. शेजारच्या वर्गातले गुरुजी मला म्हणतात, “बाई, तुमच्याकडे गणिताचा तास चालतो की भाजीबाजार भरतो?” त्यांची पोरं पाढे घडाघडा म्हणतात. पण सात चोक अठ्ठावीस म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात. मी हे त्यांना तोंडावर सांगते. माझी जीभ जरा तिखटच आहे.

माझी मुलगी माझ्याच वर्गात आहे, चौथीत. शाळेत ती मला बाई म्हणते. पूर्वी तिच्या ‘का?’ने माझं डोकं उठायचं. मग गेल्या वर्षी तिचा दादा गेला. तापाचं निमित्त झालं आणि माझा अकरा वर्षांचा धडधाकट मुलगा बघता बघता हातातून गेला. तेव्हापासून पोरीने वर्गात एकदाही हात वर केला नव्हता. वहीतली उत्तरं बरोबर असायची, पण कसं केलंस म्हटलं की मान खाली. तिचं गणित गेलं खड्ड्यात, ती एकदा बोलावी एवढंच मला हवं होतं.

त्या दिवशी वयातला फरक शिकवायचा होता. धाकट्या भावंडांना मनातून वाटत असतं, आपण कधीतरी मोठ्याला गाठणार. नियम सांगून मोकळं होता येतं, पण मग तो नुसता पाठ होतो. म्हणून मी रंगीत कागदाचे चौकोन कापून नेले. एका वर्षाचा एक चौकोन. एक पट्टी आपली, एक भावंडाची, शेजारी शेजारी चिकटवायच्या. मग पुढच्या प्रत्येक वर्षाचा चौकोन लावत जायचं आणि टोकांमधलं अंतर बघायचं. सकाळी वेणी घालताना मी मुलीला म्हटलं होतं, “तू मावसबहिणीची पट्टी कर हं.” तिने मान डोलावली होती.

वर्गभर डिंकाचा चिकचिकाट झाला. “बाई, दोनच! पुढच्या वर्षीपण दोनच!” असा गलका सुरू झाला. एकजण कपाळावर हात मारून म्हणाला, “म्हणजे ताई मला जन्मभर दटावणार!” सगळे खो खो हसले. मीही हसले.

आणि मला तिचा हात दिसला. वर केलेला, सरळ.

“बाई, माझा फरक कमी होतोय.”

मी तिच्या बाकापाशी गेले. एका पट्टीवर तिने लिहिलं होतं ‘मी’, दुसरीवर ‘दादा’. तिची पट्टी पुढे पुढे सरकली होती. त्याची अकराव्या चौकोनावर थांबली होती.

“बाई, हिने दादाला चौकोन लावलेच नाहीत,” शेजारची मैत्रीण म्हणाली. “वेंधळी!”

घरी आम्ही त्याला वाढवतच होतो. परवाच बुटांच्या दुकानात हे म्हणाले, “आता त्याला एक नंबर मोठा लागला असता.” मीही “हो ना” म्हटलं होतं. पोरगी मध्येच उभी होती, ऐकत. त्या पट्ट्या उचलून टेबलाच्या खणात टाकाव्यात असं मला वाटलं. पण तसं केलं असतं तर हा हात पुन्हा वर आला नसता.

“का?” मी विचारलं.

“कारण तो आता वाढत नाही,” ती म्हणाली. “मीच वाढते. आधी तीनचा फरक होता, आता दोनचा आहे. मग एकचा होईल. मग काहीच नाही.”

‘वेंधळी’ म्हणणारी मैत्रीण खाली बघू लागली.

“बरोबर आहे का बाई?”

“बरोबर आहे,” मी म्हणाले. “अगदी बरोबर आहे.”

वर्षभरात हे मी प्रथमच मोठ्याने कबूल करत होते, तेही चौथीच्या पोरांसमोर.

तिने डिंकाने चिकट झालेलं बोट दादाच्या पट्टीच्या टोकाच्या पुढे टेकवलं.

“मग इथे मी त्याच्याहून मोठी होणार. तेव्हा त्याला दादाच म्हणायचं ना?”

“दादाच म्हणायचं गं,” मी कसंबसं म्हणाले.

“पण मला नाही व्हायचं त्याच्याहून मोठं,” ती म्हणाली, आणि माझ्या कमरेला मिठी मारून हमसून हमसून रडायला लागली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. तिला व्हावंच लागणार होतं.