पोकळ ठिपका

फाटकाशी थांबून तिने बूट काढले, तळव्याला तळवा लावून आपटले आणि खाचेत अडकलेला चिखल काडीने खरवडून बाहेरच टाकला. व्हरांड्यातून पाहणाऱ्या प्राध्यापकांना बरं वाटलं. शिकवलेलं बहुतेक सगळे विसरतात. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी विसरली नव्हती. एका ठिकाणची माती दुसऱ्या ठिकाणी न्यायची नाही, हा त्यांचा पहिला धडा असे. चिमूटभर मातीतून एखादा जीव परमुलखात जातो, आणि मग तो मूळचा कुठला हे सांगायला कुणी उरत नाही. मुलं त्यांना मागून ‘बूटझाडू’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

“या, विभागप्रमुख,” ते म्हणाले. “आम्ही आपले अंगणप्रमुख.”

सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलंच वाक्य होतं, त्यामुळे आवाज घोगरा आला. ते खाकरले. दोन्ही खुर्च्या त्यांनी कालच पुसून ठेवल्या होत्या, आज पुन्हा पुसल्या.

पण ती बसली नाही. आधी गोम पाहू म्हणाली. मागच्या अंगणात भिंतीला लागून पांढऱ्या फुलांचं एक झुडूप होतं आणि त्याच्या बुडाशी मातीत अर्ध्या रुतलेल्या विटा. प्राध्यापकांनी गुडघे टेकले आणि एक वीट हळूच उचलली. खाली सुतळीएवढी बारीक, फिकट पिवळी गोम होती. घरात निघते तशी ही नव्हे. हिला डोळे नाहीत, आणि हिचा सगळा जन्म मातीतच जातो. उजेड लागताच तिने अंग आखडून घेतलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी, याच विटेखाली ती त्यांना सापडली होती. नवी जात म्हणून त्यांनी ती जगापुढे मांडली आणि तिला बायकोच्या लाडाच्या नावाचं लॅटिन रूप दिलं. जगात फुलं काय कमी होती, म्हणून बायकोने तेव्हा तोंड फिरवलं होतं. मग शेजारी जाऊन स्वतःच सांगून आली होती. एवढी एकच जात त्यांच्या हातून झाली. बायको गेल्यावर तिचं नाव घेणारं जगात दुसरं काही राहिलं नव्हतं.

विद्यार्थिनीने बॅगेतून नकाशा काढून पायरीवर पसरला. या गटातल्या सगळ्या गोमांचं वर्गीकरण ती नव्याने करत होती. वर डोंगराळ भागात एक जात फार पूर्वीपासून माहीत होती. प्राध्यापकांची जात तिच्याहून वेगळी ठरली होती ती पायांच्या चार जोड्या जास्त म्हणून. आता डोंगरातल्या काही गोमांनाही तितक्याच जोड्या निघाल्या होत्या. उबदार मातीत वाढल्या की जोड्या वाढतात, असं ती म्हणाली. बोलताना तिची नजर नकाशावरच होती. वर डोंगरात, नदीच्या काठाने, भरीव ठिपक्यांची दाटी होती. खाली, या गावावर, एकच ठिपका. मधे कोरा कागद.

“मधे मी खूप ठिकाणी खणलं, सर. एकही नाही. तुम्हाला इथे नर कधी मिळाला?”

“नाही. सगळ्या माद्या.”

“तिकडे नर आहेत.”

याचा अर्थ त्यांना सांगावा लागत नव्हता. एखादी मादी बाहेरून येते, नराशिवायच अंडी घालते, आणि पुढे नुसत्या लेकीच. पण असं झालंच, याला पुरावा नव्हता. तिनेही ते मोकळेपणाने सांगितलं.

“तुम्ही इथलीच म्हणालात, तर मी वेगळी जात ठेवीन. तुमचा शब्द मला पुरे.”

“तिकडे नेमकी कुठे मिळते?”

“जुनी लाकूडगिरणी आहे ना, तिच्या मागच्या उतारावर. तिथे तर पैशाला पासरी.”

प्राध्यापकांनी वीट होती तशी ठेवली. ती नीट बसली होती, तरी ते अंगठ्याने तिची कड दाबत राहिले.

गिरणीच्या मागे त्यांची सासुरवाडी होती. लग्नानंतर बायको पहिल्यांदा माहेरी जाऊन आली, ती हे झुडूप तेलाच्या डब्यात घालून, सगळा प्रवास मांडीवर धरून. इथे काय मातीला तोटा आहे, म्हणून त्यांनी थट्टा केली होती. ती म्हणाली होती, रुजेपर्यंत तरी आपली लागते. गाडीतून डबा त्यांनीच उतरवला, खड्डाही त्यांनीच खणला. पुढे मुलांच्या कित्येक पिढ्यांचे बूट झाडून घेणाऱ्या माणसाला ती माती वाटलीच नव्हती; बायकोचं सामान वाटलं होतं.

मागच्या दाराच्या पायरीची एक बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. संध्याकाळी ते आत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत, तेव्हा बायको तिथे बसे. झुडपाकडे तोंड करून.

“पोकळ कर,” ते म्हणाले.

मूळच्या जीवाला भरीव ठिपका, बाहेरून आणलेल्याला पोकळ, ही रीत त्यांनीच तिला शिकवली होती. तिने पेन्सिल काढली, पण टेकवली नाही.

“काकूंचं नाव जाईल, सर.”

“जात नाही गं. डोंगरातल्या जातीच्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती काही लंगडी होत नाही.”

दोघंही हसले नाहीत. तिने जुना ठिपका खोडला आणि तिथे लहानसं वर्तुळ काढलं. कशातून आली असं लिहू, असं तिने विचारलं. त्यांनी झुडपाकडे बोट केलं आणि सगळं सांगितलं. डबा, मांडी, गिरणी.

“माहेरहून आणली, असं लिहिता येत नसेल ना?”

“नाही, सर. ‘मानवी वाहतूक’ एवढंच.”

“लिही.”

तिने लिहिलं. नकाशाची घडी घालताना बॅगेत एक डबा दिसला. झाकणाला भोकं होती. आत ओलसर काळी माती. ताडून पाहायला तिने गिरणीमागच्या उतारावरून आणलेली. आता तिची गरज नाही, प्रयोगशाळेत नेऊन भट्टीत भाजून टाकीन, असं ती म्हणाली. हेही त्यांनीच शिकवलेलं.

“मला देतेस?”

तिने डबा बाहेर काढला, पण दिला नाही.

“चाळलेली नाही, सर. त्यात काहीही असेल. नरसुद्धा.”

“असू दे.”

तिने डबा पुढे केला. ते पुन्हा गुडघ्यांवर बसले, झुडपाच्या बुडाशी त्यांनी तो उपडा केला, आणि तळाला चिकटून राहिलेली मातीही बोट फिरवून काढली.