भिंतीवरचे मासे

खताच्या कारखान्याला दुसरं धुराडं बांधायचं होतं, तेही नेमकं आमच्या गल्लीच्या तोंडाशी. पहिल्यानेच समुद्रातले मासे संपवले, खजुरी वाळवल्या आणि शेजारच्या लमजेदच्या बायकोची, मबरूकाची, छाती पार कामातून घालवली. दुसरं झालं की ती किती दिवस काढेल, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

गुरुवारी राजधानीहून, ट्युनिसहून, सरकारी साहेब येणार होते. ते दरवेळी एकच विचारतात, "धुराडं नको, तर मग काय पाहिजे?" आणि दरवेळी अख्खी गल्ली आपापल्या चपलांकडे बघत बसते. धुराड्याशिवाय पोट कसं भरतं, हेच कुणाला आठवत नाही.

लमजेद पूर्वी होड्यांवर नावं रंगवायचा. मला म्हणाला, "अम्मार, सांगून उपयोग नाही. यांना डोळ्यांनी दाखवायला पाहिजे."

कारखान्याच्या कुंपणाची भिंत त्याने पंधरा दिवस रंगवली. डबे मी धरले. धुराड्याच्या जागी होड्या बांधायची शेड, छपरांवर सौरऊर्जेची पॅनेलं, मेंदीचे वाफे, डाळिंबं, जाळी ओढणारे आम्ही. आणि समुद्रभर मासे. तिथंच घोळ झाला. लमजेदचा हात माशांवर बसलेला, थांबेचना. तीनशे काढले.

आमच्याकडे दृष्ट लागू नये म्हणून दारावर मासा काढतात. बुधवारी सकाळी गल्लीतले म्हातारे हाजी बशीर काठी आपटत आले.

"निर्लज्जा! कारखान्याची दृष्ट काढतोस?"

"हाजी, हे खरे मासे आहेत. पुढे येतील ते."

"समुद्रात मासे आहेत कुठं? आता मासा म्हणजे दृष्टीचाच. माझ्या दारावर एक, आणि त्यांना तीनशे!"

"अहो, बाग बघा, होड्या बघा..."

"मला माशांशिवाय काही दिसत नाही."

गल्लीने लमजेदशी बोलणं टाकलं. तेवढ्यात कारखान्याचे मॅनेजर डोळे पुसत बाहेर आले आणि त्याला मिठीच मारली. "सगळं गाव आमच्यावर वाईट नजर ठेवून आहे. कळलं ते फक्त तुला, भावा!" त्यांनी मेंढा कापला, मटण घातलेला कुसकुस गल्लीभर वाटला. शिव्या देणारेच वाडगे घेऊन पहिले रांगेत. मीही दोनदा घेतला.

गुरुवारी साहेबांनी विचारलं, "तर मग काय पाहिजे?"

लमजेद उठला, भिंतीकडे बोट करून म्हणाला, "हे."

साहेबांनी वळून पाहिलं आणि लिहून घेतलं, 'रहिवाशांची मागणी: मासे.'

"आणखी कुणाला काही?"

हाजी बशीर उठले. "बांधताय तर नव्या धुराड्यावरही मासा काढा. दृष्ट लागून पडलं, तर आमच्याच डोक्यावर पडेल."

टाळ्या पडल्या. गल्लीने एकमताने काही मागितलं, ते आयुष्यात पहिल्यांदा.

आता लमजेद नव्या धुराड्याला टांगलेल्या फळीवर बसून मासे रंगवतो. पिवळ्या धुराने ते महिन्यात मरतात, मग पुन्हा रंगवायचे. कायमची नोकरी.

परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो. मबरूका खिडकीशी खोकत होती. खोकला थांबल्यावर तिने विचारलं, "भिंतीवरच्या होड्या कुठं गेल्या?"

लमजेद बोटांचा रंग खरवडत राहिला. शेवटी मीच सांगितलं. ट्रक आत यायला भिंत पाडावी लागली. जिथं होड्या होत्या, बाग होती, तेवढीच पाडली. मासे ठेवलेत.