कळसच्या माळावरची वाऱ्याची सोंड

मी एक जुनी, दोन्ही तोंडे उघडी असलेली कापडी सोंड आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले आहे. अंथुर्ण्याच्या तुमच्या शाळेत, गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे, खिळ्याला मी लटकते. मागे एकदा तुमच्यापैकी कोणीतरी माझ्यात खडू भरायला गेले आणि सगळे खडू जमिनीवर सांडले. वर्ग खूप हसला. मलाही हसू आले. मी काही भरून ठेवायची वस्तू नव्हे. माझ्यातून फक्त वाऱ्याने जायचे असते.

मला कप्तान मोहनरावांची गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला माझ्याहून शहाणे कोणी मिळाले असते तर बरे झाले असते. मी त्यांच्याबरोबर कधी उडाले नाही. खांबाला बांधलेल्याला जेवढे दिसते तेवढेच मला ठाऊक. शिवाय खालचे बोलणे वाऱ्यात अर्धेच वर पोचे. काही चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म १९३३ सालचा. कप्तानसाहेब मूळ बारामतीचे. तरुणपणी लष्करात गेले, १९१४च्या मोठ्या लढाईत इराकमध्ये बसऱ्याकडे होते. तिथे वाळवंटात दीड महिना त्यांना घरचे पत्र मिळाले नव्हते. मग एके दिवशी आकाशातून एक विमान उतरले आणि त्यातून टपालाची थैली निघाली. थैलीत त्यांच्या आईचे पत्र होते. ते म्हणत, "पत्र वाचलं, आणि मग कितीतरी वेळ मी त्या विमानाकडेच बघत बसलो."

त्या बघण्यातूनच पुढचे सगळे झाले. त्यांनी लष्कर सोडले, विमान चालवायला शिकले, एकावर एक पंख असलेले, दोन बैठकींचे एक जुने विमान आणले आणि बारामतीला पाटी रंगवून घेतली: 'नीरा-भीमा हवाई वाहतूक कंपनी'. एक विमान, एक चालक, एक पाटी. बाजारात लोक विचारत, "काय कप्तान, इमान अंडी घालतंय का न्हाय अजून?" कप्तानसाहेब हसत आणि पुढे जात. त्यांचे कान मात्र लाल होत.

विमान उतरायला सपाट जागा हवी होती. ती इंदापूर तालुक्यात, कळसच्या माळावर सापडली. तिथे तात्याबा धनगराची मेंढरे चरत. मेंढरांनी गवत असे बारीक खुडून ठेवले होते की माळ सतरंजीसारखा दिसे. तात्याबाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "आमची ना न्हाय, सायब. पर माळ मेंढरांचा हाय. त्यास्नी इचारा."

"त्यांना म्हणावं, गवत रोज खा," कप्तानसाहेब म्हणाले, "फक्त मी वरून आलो की बाजूला व्हा."

"व्हतील की. लांडग्याला भेत्यात, तुमाला न्हाय भ्यायची व्हय?"

विमानाला माळावरच्या टिटवीचे नाव पडले, कारण तेही उतरताना तसेच ओरडे. आणि मग गरज पडली माझी. वारा कुठून वाहतो हे वर असलेल्या चालकाला कळावे लागते. वारा समोरून असला तर तो विमानाला हाताने धरावे तसा थोपवतो. पाठीमागून असला तर ढकलत नेतो. खांबावरची सोंड वारा असला की त्याच्या दिशेने ताठ होते, नसला की लोंबते, आणि चालकाला ते वरूनच दिसते.

मला शिवले तात्याबाच्या बायकोने, साखरबाईने. कापड कप्तानसाहेबांच्या लष्करी राहुटीचे, काठाला तिच्या तांबड्या लुगड्याची पट्टी. कप्तानसाहेबांनी आकृती काढून दाखवली: तोंड रुंद, मग निमुळते, शेवट उघडा. साखरबाईने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"आगं बया, ही तर मोटंची सोंड! वरनं पानी घ्यायचं, खालनं वतायचं."

"अगदी बरोबर. पाण्याच्या जागी वारा."

तिने विहिरीचे पाणी काढायच्या जुन्या मोटेचे लोखंडी कडे आणून माझ्या तोंडाला बसवले, दाभणाने टाके घातले आणि दोरीने मला खांबावर चढवले. पहिला वारा माझ्यात शिरला तेव्हा काय वाटले ते मला अजून नीट सांगता येत नाही. झोपेत आपण उंचावरून अलगद तरंगत जातो ना, तसे काहीसे. मी आडवी झाले, फुगले, आणि माझ्यातून सगळा माळ वाहून गेला: मेंढरांचा वास, भिजलेल्या लोकरीचा वास, दूरच्या पाटाचा गारवा. दिवस दिवस मी तशीच तरंगत असे. संध्याकाळी कप्तानसाहेब खांबाला टेकून बसत आणि वर बघून म्हणत, "सोंडे, एक दिवस इथून सोलापूरला टपाल जाईल. सकाळी टाकलेलं पत्र दुपारी पोचेल." हे ते मला सांगत की स्वतःला, ते मला कळले नाही. मी मात्र ऐकत असे.

पण उतारू किंवा टपाल न्यायचे तर सरकारी परवानगी लागे. त्यासाठी मुंबईचे एक तपासणीचे साहेब विमानात बसून येणार होते आणि माळावरचे उतरणे पाहणार होते. दोन वर्षे अर्ज केल्यावर फाल्गुनातला एक दिवस ठरला. कप्तानसाहेबांनी मागे टाकलेले लष्कर, त्यांची पाटी, सोलापूरची पत्रे, सगळे त्या एका उतरण्यावर येऊन थांबले होते. आदल्या दिवशी ते टिटवी घेऊन साहेबांना आणायला पुण्याला गेले.

त्या सकाळी माळावर मोठी साफसफाई झाली. साहेबांना धूळ नको म्हणून तात्याबाने मेंढरे ओढ्यापलीकडे नेली. धूर नको म्हणून साखरबाईने चूल पेटवली नाही. मग ती आंघोळ करून, हातात नारळ घेऊन खांबापाशी आली. दोरी सोडून मला खाली घेतले, कड्याला हळदकुंकू लावले.

"आमच्या बाच्या हिरीवर नव्या मोटंला नारळ दिल्याबिगर पानी काढत न्हवते," ती मला म्हणाली. "तुला द्यायचा राहिलाच की गं. इमान सुकरूप उतरू दे, मग फोडीन."

आणि तिने तो नारळ माझ्या तोंडातून आत सोडला. तो घसरत शेपटीपाशी गेला आणि अडकला. तिने मला पुन्हा वर चढवले आणि हात जोडले.

मित्रांनो, मला तोंडे दोन आहेत, पण बोलता एकातूनही येत नाही. आणि खरे सांगू? मला ते ओझे गोड वाटले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात काहीतरी होते, आणि तेही कोणीतरी मायेने दिलेले.

दहाच्या सुमाराला पश्चिमेचा वारा सुटला. चांगला वारा होता. एरवी मी हातासारखी ताठ झाले असते. त्या दिवशी मी नुसती लोंबत राहिले. माळावर उडणारी धूळ नव्हती, कलणारा धूर नव्हता. वारा सांगायला माझ्याशिवाय कोणीच नव्हते.

टिटवी पश्चिमेकडूनच आली. तसा वारा असला की ती माझ्यावरून पुढे जाई, वळे आणि पूर्वेकडून, वारा तोंडावर घेत उतरे. कप्तानसाहेबांनी माझ्यावरून एक फेरी मारली. मला त्यांचा चष्मा चमकलेला दिसला. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांना वाटले, वारा पडला आहे. पूर्वेच्या टोकाला जाऊन ते वळले नाहीत. पश्चिमेकडूनच सरळ खाली आले, वारा पाठीवर घेऊन.

चाके टेकली, पण टिटवी थांबेना. सगळा माळ संपला तरी ती धावतच होती. शेवटी ती दगडी बांधावर आदळली, तिचे एक चाक मोडले आणि खालचा पंख फाटला. मग सगळे शांत झाले. मी मात्र वाऱ्यात नारळ सांभाळत लोंबत होते.

दोघेही बाहेर आले. साहेबांच्या कपाळाला खरचटले होते. ते म्हणाले, "लष्करातले ना तुम्ही? एवढा वारा अंगाला लागतोय आणि तुम्ही पाठीवर घेऊन उतरलात?"

कप्तानसाहेब चालत खांबापाशी आले, दोरी सोडली, माझ्यात हात घातला. त्यांच्या बोटांना नारळ लागला. बोटे तिथेच थांबली. तोवर साखरबाई पुढे आली होती. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून ती म्हणाली, "सायब, त्यो म्या..."

"साखरबाई," कप्तानसाहेब म्हणाले, "साहेबांना आधी पाणी आणा."

त्यांनी मला नारळासकट गुंडाळून काखेत धरले. खरे सांगितले असते तर चालक म्हणून त्यांचे नाव राहिले असते. पण मग माळावर येऊन खोडसाळपणा कोणी केला, त्याची चौकशी झाली असती, आणि साखरबाईला इंदापूरच्या कचेरीत उभे राहावे लागले असते. हे मी पुढे कितीतरी वर्षे विचार करून ताडले. तेव्हा मला फक्त त्यांच्या काखेतली धडधड ऐकू आली.

"वारा ओळखायला मी चुकलो," ते साहेबांना म्हणाले. "तसंच लिहा."

साहेबांनी त्यांच्या काखेकडे थोडा वेळ पाहिले आणि तसेच लिहिले. परवानगी नाकारली.

साहेबांची बैलगाडी बारामती स्टेशनच्या वाटेला लागल्यावर कप्तानसाहेबांनी नारळ बाहेर काढला. साखरबाई रडत होती. तात्याबा मोडक्या चाकाकडे बघत होता.

"नवस काय बोलल्या होतात?"

"इमान सुकरूप उतरू दे म्हनून. आता कशाचा फोडू? ठिवा तो तसाच."

कप्तानसाहेबांनी नारळ हातात फिरवला. "इमान नाही उतरलं. पण माणसं उतरली ना सुखरूप? फोडा."

तो त्या मोडक्या चाकाच्या मधल्या तुंब्यावरच फोडला. तिघांनी बांधावर बसून खोबरे खाल्ले. खाता खाता तात्याबा म्हणाला, "ग्वाड हाय पर," आणि साखरबाई रडता रडता हसली.

टिटवी दुरुस्त व्हायला दोन पावसाळे गेले. पुन्हा अर्ज झाले. पुन्हा तेच साहेब आले. त्या सकाळी साखरबाई खांबाखाली गोवऱ्यांचा धूर करून बसली होती. कोणी फूल घेऊन आले तरी म्हणे, "देवाला सांगायचं ते खालीच सांगा. हिच्या पोटात काय नगं." मेंढरे ओढ्याअलीकडे धूळ उडवत होती. मी ताठ होते आणि माझ्यातून पश्चिमेचा सगळा वारा सळसळत जात होता. टिटवी माझ्यावरून पुढे गेली, वळली, आणि वाऱ्याच्या तळहातावर येऊन बसली.

साहेब उतरले. माझ्याकडे बघत म्हणाले, "कप्तान, त्या वेळी हिच्या पोटात काय होतं?"

"खोबरं होतं, साहेब. ते संपलं."

साहेबांनी कागदावर सही केली.

पुढे तीन हिवाळे टिटवीने सोलापूरला टपाल नेले. साखरबाईही एकदा बसली. खाली उतरल्यावर म्हणाली, "वरनं तू बोटायेवढी दिसतीस गं." मग १९३९ची लढाई आली. टिटवी सरकारने नेली, कप्तानसाहेब पुन्हा लष्करात गेले. साखरबाईने मला उतरवले आणि घडी न घालता, गुंडाळून ठेवले. ती थकल्यावर मला तुमच्या शाळेत देऊन गेली. कप्तानसाहेबांचे पुढे काय झाले, ते माझ्यापर्यंत आले नाही.

मित्रांनो, माझे कापड विरले आहे, तरी कडे शाबूत आहे. वाऱ्याच्या एखाद्या दिवशी मला शाळेच्या खांबावर चढवाल का? माझी एवढीच विनंती आहे. माझी माया वाटली तर फाटले तिथे दोन टाके घाला, पण शेवटचे तोंड शिवू नका. आणि नारळ द्यावासा वाटला, तर तो खाली खांबाशी ठेवा. मी वरून बघेन.