भावोजींच्या गाडीचा टर्बो

गॅरेजमध्ये त्याला सगळे नकोबा म्हणत. गिऱ्हाईक कितीही नाचो, काम पुरं झाल्याशिवाय हा पठ्ठ्या चावी द्यायचा नाही. टर्बो बसवणं म्हणजे डोक्यावर टोपी ठेवणं नव्हे, असं तो ठणकावून सांगायचा. इंजिनात जादा हवा कोंबायची तर आधी तेलाची, थंडाव्याची, ब्रेकची सोय बघावी लागते. नवे ब्रेक नकोत म्हणणाऱ्या एका बड्या गिऱ्हाइकाला त्याने गाडीसकट वाटेला लावलं होतं.

असा हा वाघ भावोजींपुढे मात्र शेळी व्हायचा. भावोजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना नाही म्हटलं तर ताईला घरी टोमणे खावे लागतील, हे त्याने तिच्या लग्नापासून मनात धरलं होतं.

भावोजींच्या गाडीचं काम एका नळीपाशी अडलं. टर्बोला तेल पोचवणारी, पोलादी जाळीची नळी अजून आली नव्हती. आणि भावोजी तर बायको-मुलीला घेऊन दारात हजर.

"काय मेकॅनिकसाहेब, आज फिरायला निघायचंय. की तुमच्याच्याने होत नाही?"

"झालीच, भावोजी," असं म्हणून नकोबाने साधी रबरी नळी चढवली. तापणाऱ्या टर्बोला ती अगदी खेटून जात होती. परत आले की बदलू, तोवर काय होतंय, अशी त्याने मनाची समजूत काढली. निदान 'जपून चालवा' एवढं तरी म्हणायचं! तेही ओठांवर येऊन विरलं. त्याने चावी दिली. मागच्या सीटवरून भाचीने मामाला टाटा केला.

जेवायला बसला, पण डोक्यात ती नळीच होती. चढ लागला की भावोजी गाडी पिदडणार, टर्बो तापून नळी वितळणार आणि तेल पेटणार, हे काय कुणी सांगायला हवं? हात न धुताच त्याने ताईला फोन लावला.

"ताई, गाडी थांबवा. आत्ताच्या आत्ता. सगळे खाली उतरा."

"अरे, पण झालंय काय?"

"आधी उतरा गं!"

दारं आपटल्याचा आवाज आला. मग भावोजींचा ओरडा ऐकू आला, "पेटली, पेटली! लांब व्हा!"

कुणाला साधं खरचटलंही नाही. गाडीचं तोंड तेवढं जळून कोळसा झालं. संध्याकाळी भावोजी गॅरेजभर सांगत सुटले, "याला म्हणतात मेहुणा! इथे बसून त्याला तिथलं कळलं. आमचा जीव वाचवला पठ्ठ्याने!" सगळे नकोबाची पाठ थोपटत होते आणि त्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. दमलेली भाची त्याच्याच मांडीवर झोपली होती.

ताई शेजारी येऊन बसली. "तुला कसं रे कळलं?"

"कळलं नाही. माहीत होतं. नळी चुकीची होती."

"कधीपासून माहीत होतं?"

"चावी देताना."

"परक्याला दिली असतीस?"

"नाही," तो म्हणाला.

ताईने झोपलेल्या पोरीला त्याच्या मांडीवरून उचललं आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली.