दादाचं एक वाक्य

बाबा जन्मभर शिंपीकाम केलेले. वर्षभरापूर्वी त्यांना आपल्याच गल्लीचं नाव आठवेना, तेव्हा धाकटी घाबरली. ती कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. घाईघाईने बाबांना बोलतं केलं आणि ते सांगतील ते सगळं एका फाइलमध्ये टाइप करत गेली. परत वाचायचं मात्र राहूनच गेलं; निवांत वाचू म्हणाली, आणि तो निवांतपणा काही आला नाही.

बाबांचं आता बरंचसं पुसलं गेलं होतं. काही आठवेनासं झालं की म्हणायचे, "लिहिलंयस ना तू? मग झालं."

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. "बाबांच्या त्या फाइलमध्ये, आई गेली त्या दिवसाबद्दल लिहिलंयस तिथे माझं काही घातलंयस का?"

"नाही रे."

"वा! मी काय गावाला गेलो होतो? खोलीबाहेर रात्रभर उभा होतो. एक वाक्य घाल."

"घालते, जीव नको खाऊस."

हाताने घातलं असतं तर मिनिटाचं काम. पण हाताने करेल तो प्रोग्रॅमर कसला! फाइल उघडायची, जागा शोधायची, तिथे लिहायचं. तिने तणतणत चार ओळींचा कोड लिहिला आणि चालवला.

फाइल म्हणजे काही बाकडं नव्हे, कुणी आलं की सरकून जागा द्यायला. कोडने मधे लिहिलं की नवी अक्षरं पुढच्या अक्षरांवरच बसतात आणि ती पुसली जातात. म्हणून पुढचा मजकूर आधी बाजूला काढून ठेवायचा, नवं लिहायचं, मग तो परत जोडायचा. ऑफिसात नव्या लोकांना ती हे कानीकपाळी ओरडून सांगायची. रागाच्या भरात स्वतःच विसरली. दुसरी प्रतही नव्हती. घरचंच तर काम, कोण काढतंय!

दादाचं वाक्य छान बसलं होतं. त्याच्यापुढे एक तुटकं अक्षर, आणि मग, "एवढं म्हणाली आणि डोळे मिटले."

आई काय म्हणाली, तेच गेलं होतं. खोलीत तेव्हा दोघंच होती, आई आणि बाबा. धाकटीने कपाळ धरून आठवून पाहिलं. टाइप तिनेच केलं होतं, पण त्या दुपारी एका कानात ऑफिसची मीटिंग चालू होती. बोटांनी ऐकलं, तिने नाही. तिला स्वतःची भयंकर चीड आली आणि मग रडू फुटलं.

"काय वाचतेस?" बाबा दारात उभे होते. "आईचं? वाच की. शेवटी ती मला काहीतरी म्हणाली होती."

धाकटीने डोळे पुसले. स्क्रीनकडे बघत, वाचल्यासारखं करत म्हणाली, "'वेळेवर जेवत जा,' असं म्हणाली."

बाबांनी बराच वेळ विचार केला. मग मान हलवली.

"नाही गं. असं नव्हतं. याहून..." पुढचं त्यांना सापडेना. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे. दमलीस तू. उद्या वाच."