पिशवीतला कानपट्टा

मी एक कानपट्टा बोलतोय. थंडीत बांधतात तो लोकरीचा नव्हे, खाणीवरचा. दोन पिवळ्या प्लास्टिकच्या वाट्या, आत स्पंज आणि डोक्यावरून जाणारी काळी पट्टी. आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द साधे आहेत. चौथीतच माझी शाळा सुटली, ती कशी ते पुढे येईलच. चार माणसांत बोलायची मला सवय नाही. आवाज आत येऊ द्यायचा नाही, एवढं एकच काम मला शिकवलेलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवते ती सुर्ल्याची खाण. तिथे मला महादेवच्या हातात दिलं. महादेव मूळचा बांद्याकडचा, कामासाठी गोव्यात आलेला. खनिज फोडणाऱ्या मशीनजवळ त्याची पाळी असायची. मशीन सुरू झालं की पायाखालची जमीन थरथरायची आणि माणसं हातवाऱ्यांनी बोलायची. दोन बोटं ओठांना लावली की चहा, मुठीने छाती ठोकली की मुकादम आला. मी कानांवर असलो की महादेव आत कुठलीतरी आरती गुणगुणायचा. ती फक्त मला ऐकू यायची.

खाणीच्या रस्त्यालाच त्याचं बिऱ्हाड होतं. घरी बायको शालिनी आणि पाच वर्षांची मुलगी सेजल. दिवसभर दारावरून खनिजाचे टिप्पर जायचे. पहिला हॉर्न वाजला की सेजल खाटेखाली शिरायची, कानांवर हात दाबून ओरडत राहायची. ओरडून ओरडून तिचे ओठ निळे पडायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, हिला कुणाचीतरी नजर लागली आहे, देवळात देवाचा कौल घ्या.

एका दुपारी महादेव जेवायला आला तेव्हा हेच चाललं होतं. तो खाटेजवळ वाकला, मला आपल्या मानेवरून काढलं आणि तिच्या डोक्यावर चढवलं. मी तिला फार मोठा होत होतो. पण ती गप्प झाली. थोड्या वेळाने खाटेखालून बाहेर आली आणि ताटातला भात शेवटच्या शितापर्यंत जेवली.

दुसऱ्या दिवशी महादेव कानांत कापूस घालून कामावर गेला. दुसरा कानपट्टा मागितला तर वर्षाला एकच मिळतो म्हणाले. पुढे खाण बंद पडली तोपर्यंत त्याचा डावा कान मंद झाला होता. मी ज्याच्या कानांसाठी होतो, त्याच्या कानांवर नव्हतो. याचं मला वाईट वाटतं, पण मी कुणाच्या डोक्यावर बसायचं हे मी ठरवत नाही.

सेजलला काय आहे ते पणजीच्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. औषधाने जातं का, असं शालिनीने विचारलं. हा आजार नव्हे, मुलगी अशीच आहे, तिला सांभाळून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. शालिनीने त्यातलं 'सांभाळून' तेवढं घरी आणलं.

शाळेतही मी तिच्याबरोबर जायचो. मुलं तिला 'टिपराचो ड्रायव्हर' म्हणून चिडवायची. ती रागवायची नाही. टिप्परचा ड्रायव्हर कानपट्टा लावत नाही, असं प्रत्येकाला समजावून सांगायची. चौथीत विनिता नावाच्या नव्या बाई आल्या. खाणीवरचं सामान वर्गात नको म्हणाल्या. मला घरी पाठवलं. माझी शाळा सुटली ती अशी.

खाण बंद झाल्यावर हे तिघे हळर्णला शालिनीच्या माहेरच्या जागेत राहायला आले. महादेव काजूच्या बागेत कामाला लागला आणि शालिनीने सेजलची वेगळीच शिकवणी सुरू केली. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन यायचा. त्याच्या भोंग्याचा पोंक पोंक ऐकला की शालिनी मला सेजलच्या डोक्यावरून काढून पिशवीत ठेवायची आणि तिला दारात उभी करायची. "बाय, मान वर कर गो. तेच्या दोळ्यांत बघ. हास." मग सेजल विचारायची, तुम्ही कसे आहात? पोदेर म्हणायचा बरा आहे, तू? ती म्हणायची, मी बरी आहे. चार उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायचे, परत हसायचं, आत यायचं.

अशी नऊ वर्षं. डोळ्यांत बघणं तिला झेपत नव्हतं. मग समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघितलं तरी लोकांना डोळ्यांत बघितल्यासारखं वाटतं, हे तिने स्वतःच शोधून काढलं. सगळे म्हणायचे, पोर सुधारली. पण दारातून आत आली की ती मला पिशवीतून काढून कानांवर दाबायची आणि दरवाजामागे भिंतीला पाठ लावून बसायची. अर्धा तास. तो अर्धा तास बाहेर कुणी बघितला नाही.

ती बारा वर्षांची असताना महादेवचा कान आरोग्य केंद्रात दाखवायला नेला. डॉक्टरीण बाई बॅटरीच्या नळीतून आत बघत होत्या. सेजल म्हणाली, मला बघू दे. त्यांनी बघू दिलं, आणि पडद्यामागे तीन इवलीशी हाडं असतात, हातोडा, ऐरण आणि रिकीब, हेही सांगितलं. मी इतकी वर्षं कानाबाहेर बसलेला. आत काय चालतं ते मलाही त्या दिवशीच कळलं. घरी येताना सेजल म्हणाली, "मी कानांची डॉक्टर होणार." महादेव हसला. ती पुढे सहा वर्षं तेच म्हणत राहिली, तेव्हा त्याचं हसू थांबलं.

अभ्यास तिने माझ्या आत बसून केला. शालिनीने माझ्या फाटलेल्या स्पंजवर जुन्या पातळाचा कपडा शिवला. पहिल्या खेपेला प्रवेश परीक्षेत थोडक्यात राहिलं. दुसऱ्या खेपेला मार्क आले, पण खुल्या यादीत नंबर लागण्याएवढे नाही. अपंगांच्या राखीव यादीत मात्र एक जागा तिच्यापाशी येत होती. त्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाचा सरकारी दाखला हवा होता. तपासणीची तारीख आली.

त्या सकाळी निघताना शालिनीने नऊ वर्षांच्या सवयीने मला सेजलच्या डोक्यावरून काढलं.

"घालून जाऊ?" सेजलने विचारलं.

"नाका गो बाय. थंय मोठे डॉक्टर आसतले. आज बरी वाग."

मी पिशवीत गेलो. यात काही चुकतंय असं तिघांपैकी कुणाला वाटलं नाही. माझ्या ध्यानात आलं असतं तरी मी काय करणार होतो?

तपासणीच्या खोलीत पिशवी महादेवच्या मांडीवर होती. मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर वाईट नव्हते. बाहेर चाळीस माणसं खोळंबली होती, तरी त्यांनी शांतपणे विचारलं. सेजलने त्यांच्या दोन भुवयांमध्ये बघून उत्तरं दिली. डॉक्टर का व्हायचंय म्हटल्यावर ती तीन हाडं सांगितली. ते खूश झाले. तेव्हा महादेव धीर करून म्हणाला, साहेब, तिला आवाज सहन होत नाही. डॉक्टरांनी सेजलला विचारलं, "आता इथे तुला काही त्रास होतोय?"

बाहेर स्ट्रेचरची चाकं करकरत होती, डोक्यावर पंखा खडखडत होता. सेजल हसली.

"मी बरी आहे. तुम्ही कसे आहात?"

डॉक्टरही हसले. "अहो, मुलगी अगदी नॉर्मल आहे. तुम्ही उगाच काळजी करता."

हे वाक्य ऐकायला महादेव तेरा वर्षं थांबला होता. पिशवीवरचे त्याचे हात जोडले गेलेले मला कळले. "देव बरें करूं," म्हणत त्याने आभार मानले. त्याला खरंच आनंद झाला होता. बाहेर येऊन त्याने कागद वाचला तोपर्यंतच. त्यावर अठ्ठावीस टक्के लिहिलं होतं.

तो परत दाराकडे गेला, पण आत पुढचा माणूस बसला होता. खिडकीवर सांगितलं, फेरतपासणीचा अर्ज करा, तीन महिन्यांनी बोलावतील. प्रवेशाची यादी नऊ दिवसांनी लागणार होती.

परतीच्या बसमध्ये म्हापसा सुटल्यावर सेजलचं बोलणं बंद झालं. मग ती खिडकीच्या गजावर कपाळ आपटू लागली, एकाच लयीत. महादेवने गज आणि कपाळ यांच्यामध्ये आपला तळहात धरला. दुसऱ्या हाताने मला काढून तिच्या कानांवर बसवलं. लोक वळून बघत होते. कंडक्टरने विचारलं, पोरीला फिट आली का? महादेव हळू आवाजात स्वतःशीच म्हणाला,

"आमीच तिका ह्या सगळा शिकयला. आता ह्या कोण बघतलो?"

कोण बघणार? मी बघत होतो. पण माझी साक्ष कुठल्या कागदावर चालते?

घरी सगळं ऐकल्यावर शालिनी चुलीपुढे बसली ती बसूनच राहिली.

तुमच्यापैकी कुणी अशा खोलीत टेबलाच्या पलीकडे बसत असाल, तर एक विनंती आहे. समोरचं मूल बरं आहे म्हणालं की पुढचं नाव पुकारायच्या आधी, त्याच्या बापाच्या मांडीवरच्या पिशवीत काय आहे तेवढं विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळीही सेजलचं बोलणं परत आलं नव्हतं. तिने आंघोळ केली, मला कानांवर चढवलं आणि एक चिठ्ठी लिहून आईपुढे धरली. 'त्यांनी चुकीचं लिहिलं आहे. ऑफिस साडेनऊला उघडतं.' शालिनीचा हात सवयीने माझ्याकडे आला आणि मध्येच थांबला. मग तिने माझी पट्टी सरळ केली, पायांत चपला घातल्या आणि महादेवबरोबर तीही निघाली.

साडेनऊला आम्ही खिडकीपुढे होतो. कालचाच माणूस होता. तीन महिने, त्याने तेच सांगितलं. सेजल हलली नाही. आता रांगेतली माणसंही बोलू लागली. खिडकीतल्या माणसाने स्वतःच्या कानाला हात लावून खूण केली, ते काढ आणि तोंडाने बोल.

तिने नाही अशी मान हलवली. मी उतरलो नाही.