खोक्याच्या तळाशी नऊ बटाटे

मी एक खुरपी. मूठ ढिली, पातं झिजलेलं, आणि सध्या फार ओशाळलेली. मागच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. इथून समोरच तो वाफा दिसतो; नजर वळवायची म्हटली तरी वळवता येत नाही.

लोहाराकडून मला आणलं तेव्हा आजोबांचे केस काळे होते. इतकी वर्षं माझ्याकडून त्यांनी फक्त फुलझाडांच्या आळ्यांतलं गवत काढून घेतलं. बटाट्याची आणि माझी गाठ पडली ती नातीमुळे.

तिच्या बाबांना वाफ्याच्या जागेवर फरशी घालून गाडी उभी करायची होती. ती हटून बसली. शेवटी ठरलं, एक पीक काढून दाखव. महिनाभर घरचा बटाटा पुरला तर वाफा राहील, नाहीतर गवंडी येईल.

तिने कोंब आलेले बटाटे लावले, रोपं वाढतील तशी बुंध्याला माती चढवली. आजोबा खुर्ची टाकून सूचना द्यायचे. प्रत्येक सूचना ‘आमच्या वेळी’ने सुरू व्हायची. त्यांच्या वेळी त्यांनी एकही बटाटा लावला नव्हता, हे मला माहीत आहे ना!

पानं सुकली तेव्हा तिने बजावलं, अजून पंधरा दिवस कोणी हात लावायचा नाही, साल घट्ट होऊ दे. आणि नंतरही माती हातानेच उकरायची.

“तू काल जन्मलीस,” आजोबा म्हणाले.

“म्हणून तर मला अजून नीट दिसतं.”

हे त्यांना झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली आणि त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं. चष्मा घरातच राहिला होता. मी मातीत शिरले, काहीतरी पाणीदार कचकन कापलं गेलं. पुन्हा. असं नऊ वेळा. माझी मूठ ढिली आहे, मला निसटून पडता आलं असतं. मी पडले नाही. त्या हाताला नाही म्हणायची मला सवयच नव्हती.

ते नऊ बटाटे त्याच दिवशी शिजवले असते तर काही बिघडलं नसतं. पण नात बोलेल म्हणून आजोबांनी कापांवर माती चोळली, ते खोक्याच्या तळाशी घातले आणि वर चांगले रचले. नात आली, चिडली, मग भरलेलं खोकं पाहून हसलीसुद्धा. ते हसू मला अजून टोचतं.

बाराव्या दिवशी घरभर वास सुटला. तळापासून वरपर्यंत सगळा लगदा. बाबा म्हणाले, मातीच नासकी आहे, आणि गवंड्याला सोमवार दिला. नात खोकं धूत बसली. “पाणी जास्त झालं असेल. चुकलं माझं,” ती म्हणाली. आजोबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

काल गवंडी वाफा मोजून गेला. टेपचं दुसरं टोक नातीनेच धरलं होतं.

हल्ली आजोबा रोज मला उतरवतात, पातं पुसतात आणि परत टांगतात. आजोबा, किती पुसाल? सोमवारला तीन दिवस राहिलेत. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. ती पलीकडच्या खोलीत बसली आहे. मला इथेच राहू द्या आणि आत जा.